एका अक्षराचे अंतर

इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस तुम्ही कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात पाव आणायला गेला असता, तर पाववाल्याने लगेच भाव सांगितला असता याची खात्री नाही. पिता हा पुत्राहून थोर आहे, एवढे त्याने आधी ऐकवले असते. सराफाकडे नाणे मोडायला जावे, तर अजन्मा कोण आणि जन्मलेला कोण यावर त्याचे व्याख्यान सुरू. हमामखान्यातल्या नोकराला पाणी तापले का म्हणून विचारावे, तर पुत्राची उत्पत्ती शून्यातून झाली, असे तो बजावणार! ही थट्टा माझी नव्हे. नीसा गावचा बिशप ग्रेगरी याने ३८३ साली त्याच शहरात प्रवचन करताना आपल्या श्रोत्यांविषयी ही तक्रार केली होती. मी ती माझ्या शब्दांत सांगितली इतकेच.

आपल्याकडे वाण्याच्या दुकानात राजकारण निघते, क्रिकेट निघते. पण पाववाला, सराफ आणि हमामखान्यातला गडी ईश्वराच्या स्वरूपावर हमरीतुमरीवर येतात, हे चित्र वाचकांना मौजेचे वाटेल. मलाही ते प्रथम मौजेचेच वाटले. पुढे जसजसे वाचत गेलो तसतशी मौज ओसरली आणि कुतूहल वाढले. कारण या वादात सम्राट गुंतले, सैन्ये गुंतली, माणसे हद्दपार झाली, काहींचे प्राणही गेले. आणि वादाचा विषय काय, तर म्हणे एक अक्षर!

मी पेशाने शाळामास्तर. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तेव्हा ग्रीक-लॅटिन पोथ्यांवर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा आव नाही. परंतु मास्तराला ऱ्हस्व-दीर्घाची किंमत ठाऊक असते आणि कादंबरीकाराला माणसे नेमकी कशासाठी भांडतात हे पाहण्याची खोड असते. तेवढ्या भांडवलावर ही गोष्ट सांगतो.

ते अक्षर प्रथम पाहून घेऊ. ग्रीक भाषेत 'होमोऊसिओस' म्हणजे 'एकाच तत्त्वाचा' आणि 'होमोइऊसिओस' म्हणजे 'सारख्या तत्त्वाचा'. पहिल्यात नसलेले आणि दुसऱ्यात असलेले अक्षर म्हणजे 'इओटा', ग्रीक वर्णमालेतले सर्वांत लहान अक्षर. एवढ्याशा अक्षरावरून सारे ख्रिस्ती जग भांडले, असे म्हणून गिबनसारख्या नामांकित इतिहासकाराने या वादाची टर उडवली आणि तेव्हापासून ती टर पुस्तकापुस्तकांतून चालत आली आहे.

अक्षर लहान म्हणून अर्थ लहान, हे मात्र मास्तराला पटणे कठीण. आपल्याच भाषेत 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे सारथी. कर्णाचे सारे आयुष्य या एका उकाराच्या फरकात गेले! तेव्हा अक्षराला हसण्यापूर्वी त्या अक्षराच्या आड काय होते, ते पाहायला हवे.

ख्रिस्ती धर्म यहुदी लोकांमध्ये जन्माला आला. देव एकच, दुसरा नाही, हा यहुद्यांचा प्राणापलीकडे जपलेला सिद्धान्त. तो ख्रिस्ती मंडळींनीही घेतला. पण त्याचबरोबर ती येशू ख्रिस्ताला प्रभू म्हणत, त्याची प्रार्थना करीत, आणि बाप्तिस्मा देताना पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशी तीन नावे घेत. प्रार्थना करणाऱ्याला यात अडचण नव्हती; विचार करणाऱ्याला होती. देव एक, तर ही तीन नावे कोणाची? आपल्या वाचकांना येथे ब्रह्मा, विष्णू, महेश आठवतील, त्रिमुखी दत्त आठवेल. पण तो दाखला फार दूर नेऊ नये. ख्रिस्ती मंडळींना तीन देव तर नकोच होते, आणि एका देवाची तीन निराळी कामे वाटून दिलेली रूपेही नको होती.

तिसऱ्या शतकात सबेल्लियस नावाच्या माणसाचे मत असे पुढे आले की, देव एकच असून तोच कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा म्हणून प्रकट होतो; एका नटाने तीन सोंगे घ्यावीत तसा. हे सोपे होते. पण मग पुत्र पित्याची प्रार्थना करतो ती कोणाची? नट स्वतःशीच बोलतो काय? मंडळींनी हे मत नाकारले. प्रश्न मात्र तसाच राहिला.

३१८ सालच्या सुमारास इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात हा प्रश्न पेटला. तेथल्या बौकालिस नावाच्या वस्तीतल्या देवळाचा धर्मोपदेशक होता अरियस. उंच, कृश, विरक्त वृत्तीचा, गोड आवाजाचा वयस्क गृहस्थ. त्याच्या शत्रूंनीच त्याचे हे वर्णन करून ठेवले आहे, म्हणजे त्यात तथ्य असावे. त्याचे म्हणणे सरळ होते. पिता तो पिता आणि पुत्र तो पुत्र. पित्याला आरंभ नाही. पुत्राला आरंभ आहे, म्हणून पुत्र नव्हता अशी एक स्थिती होती. पित्याने त्याला इच्छेने निर्माण केले. साऱ्या सृष्टीआधी, साऱ्या सृष्टीहून श्रेष्ठ असा. तरीही निर्माण केलेला. योहानाच्या शुभवर्तमानात पिता माझ्याहून थोर आहे असे ख्रिस्त स्वतःच म्हणतो, हा त्याचा आधार.

अलेक्झांड्रियाचा बिशप अलेक्झांडर याला हे रुचले नाही. मी आणि पिता एक आहोत, हेही ख्रिस्ताचेच वचन, आणि तेही त्याच शुभवर्तमानात. शिवाय जो नित्य पिता आहे त्याचा पुत्रही नित्यच असला पाहिजे. मुलावाचून बाप कसा?

दिवाळीच्या दिवसांत वाचकांना जवळचा वाटेल असा एक दाखला या वादात फार पूर्वीपासून होता. एका ज्योतीने दुसरी ज्योत लावावी. पहिली उणी होत नाही आणि दुसरी तिच्याहून वेगळ्या जातीची नसते. पिता-पुत्राचे नाते समजावताना दुसऱ्या शतकातल्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने अग्नीवरून पेटवलेल्या अग्नीचा असाच दाखला दिला होता. अरियसने आपल्या बिशपाला पाठवलेल्या पत्रात दिव्यावरून दिवा लावण्याचा हा दाखला स्पष्ट नाकारला. त्याला भय होते की, असे म्हटले की ईश्वराचे तुकडे पडले, दोन देव झाले. उलट पक्षाला भय होते ते असे: जर ख्रिस्त हा निर्माण केलेलाच कोणी असेल, तर माणसाला तारायला देव आलाच नाही, त्याने एक दूत पाठवला. आणि मग आपण आजवर ज्याची प्रार्थना केली तो कोण?

दोन्ही भये खरी होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. एकाला ईश्वराचे एकत्व जपायचे होते, दुसऱ्याला ईश्वराचे सान्निध्य. हे सरळसरळ पोटापाण्याचे भांडण नव्हते. म्हणूनच ते पोटापाण्याचे उद्योग करणाऱ्यांपर्यंत पोहोचले. अरियसने तर आपली मते पद्यात घातली. खलाशी, दळणकरी आणि वाटसरू यांच्यासाठी त्याने गाणी रचली, असे एका जुन्या इतिहासकाराने नोंदवले आहे. आपल्याकडे संतांनी ओवी आणि अभंग यांतून ब्रह्मविद्या जात्यापर्यंत नेली, त्या वाचकांना गाण्याची ताकद सांगायला नको.

याच वेळी ३२४ साली कॉन्स्टंटाइन हा साऱ्या रोमन साम्राज्याचा एकटा धनी झाला. ख्रिस्ती धर्मावर त्याची कृपादृष्टी होती. साम्राज्य एक झाले, आता धर्मही एकोप्याने नांदावा, ही त्याची अपेक्षा. पूर्वेकडे येऊन पाहतो तो देवळादेवळांत भांडण! त्याने अलेक्झांडर व अरियस या दोघांना मिळून एक पत्र पाठवले. त्याचा मथितार्थ असा की, क्षुल्लक गोष्टीवरून काय भांडता, गप्प बसा आणि मलाही सुखाने झोपू द्या. राज्यकर्त्याला प्रश्न क्षुल्लक वाटला की त्याचे उत्तर हुकमाने मिळेल असेही त्याला वाटू लागते. पत्राने काम भागले नाही, तेव्हा त्याने परिषद बोलावली.

३२५ सालच्या उन्हाळ्यात निकिया येथे ही परिषद भरली. हे गाव आज तुर्कस्तानात आहे. त्याला आता इझनिक म्हणतात. परंपरेने ३१८ बिशप जमल्याचे सांगतात. पण उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाच्या सेवकांचा आकडाही ३१८ आहे, तेव्हा तो श्रद्धेचा आकडा समजावा. दोनशेपेक्षा अधिक होते, एवढे निश्चित. सरकारी टपालाच्या गाड्याघोड्यांतून, सरकारी खर्चाने ते आले. त्यांतल्या कित्येकांनी बारा-पंधरा वर्षांमागे याच सरकारचा छळ सोसला होता. इजिप्तच्या पॅफ्नूटियसचा एक डोळा त्यात गेला होता. निओसिझेरियाच्या पॉलचे हात तापल्या लोखंडाने निकामी झाले होते. आणि आता जांभळ्या, रत्नजडित वस्त्रातला सम्राट त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यांनी खूण केल्यावर खुर्चीवर बसला. पॅफ्नूटियसच्या गेलेल्या डोळ्याचे सम्राटाने चुंबन घेतल्याची कथा आहे. कादंबरीकाराला असा प्रसंग कल्पनेने रचता येणार नाही. काल ज्या हाताने डोळे काढले, तोच हात आज मायेने फिरत होता. तो पुन्हा उगारला जाईल, हे त्या घटकेला कोणाच्या मनात आले असेल?

परिषदेने एक मतांगीकार तयार केला, म्हणजे श्रद्धा थोडक्यात सांगणारा जाहीरनामा. त्यात पुत्र हा पित्याशी 'होमोऊसिओस', एकाच तत्त्वाचा आहे, असा शब्द घातला. प्रकाशापासून प्रकाश, ही उपमाही त्यात आली. पण तो शब्द अनेकांच्या घशाखाली सहजी उतरला नाही. एक तर तो शास्त्रात कोठे नव्हता. दुसरे, साठेक वर्षांपूर्वी अंत्युखियात दोषी ठरलेल्या एका बिशपाच्या नावाशी तो जोडलेला होता. तिसरे, त्यातून सबेल्लियसचा तोच तो सोंगे घेणारा नट डोकावतो, असे पुष्कळांना वाटे. तरी सम्राटाची इच्छा दिसत होती. सह्या झाल्या. लिबियाचे दोन बिशप, थेओनास आणि सेकुंदस, नकारावर ठाम राहिले. त्यांची आणि अरियसची हद्दपारी झाली. पुढे अरियसची पुस्तके जाळावीत आणि ती लपवणाऱ्यास देहान्त शासन व्हावे, असाही हुकूम सम्राटाने काढला.

शाळेत हा भाग शिकवायचा असता, तर 'निकियाच्या परिषदेने वाद मिटवला' असे एक वाक्य फळ्यावर लिहून मी पुढे गेलो असतो. प्रत्यक्षात वाद तेथे सुरू झाला. तीन-चार वर्षांत सम्राटाचे मन पालटले. हद्दपार झालेले परत आले. अरियसचा मित्र, निकोमिडियाचा बिशप युसेबियस, दरबारात वजनदार झाला. आणि ३२८ साली अलेक्झांड्रियाच्या गादीवर आलेला तरुण बिशप अथनेशियस, जो निकियाच्या शब्दापासून तसूभर हलायला तयार नव्हता, तो आता राज्याच्या डोळ्यांत खुपू लागला.

या अथनेशियसचे आयुष्य म्हणजे घटनांची गर्दीच. आर्सेनियस नावाच्या एका बिशपाचा त्याने खून केला आणि त्याचा हात कापून जादूटोण्याला वापरला, असा आळ त्याच्यावर आला. ३३५ साली टायर येथे चौकशी बसली. जुने इतिहासकार सांगतात की, अथनेशियसने झग्यात गुंडाळलेला एक माणूस सभेत आणला. तोच आर्सेनियस, जिवंत! मग झग्याची एक बाजू वर करून एक हात दाखवला, दुसरी बाजू वर करून दुसरा दाखवला, आणि विचारले की, आता तिसरा हात कोठून कापला तेवढे सांगा. तरीही त्याला दोषी ठरवले गेलेच. अखेर राजधानीला जाणारे इजिप्तचे धान्य अडवण्याची धमकी त्याने दिली, असे सम्राटाच्या कानावर घालण्यात आले. धर्माच्या शब्दाने जे झाले नाही ते गव्हाच्या शब्दाने झाले. अथनेशियसची रवानगी पार उत्तरेकडे, आज जर्मनीत असलेल्या ट्रियर शहरी झाली. हे गाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

अरियस ३३६ साली राजधानीत अकस्मात मेला. त्याला मंडळीत समारंभाने परत घेण्याच्या आदल्या दिवशी, भर रस्त्यात पोटात कळ येऊन. विरोधकांनी त्यात देवाचा हात पाहिला, मित्रांनी विषाचा संशय घेतला. पुढच्याच वर्षी कॉन्स्टंटाइनही गेला. मृत्यूपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला तो त्याच निकोमिडियाच्या युसेबियसच्या हातून!

त्याचा मुलगा कॉन्स्टॅन्शियस याने बापाचा धडा उलट्या बाजूने गिरवला. आता निकियाचा शब्द हाच गुन्हा ठरला. फेब्रुवारी ३५६ मधल्या एका रात्री अलेक्झांड्रियाच्या देवळाला सैनिकांनी वेढा घातला. आत लोक स्तोत्र म्हणत होते. त्या गोंधळातून अथनेशियस निसटला आणि सहा वर्षे वाळवंटातल्या संन्याशांच्या आश्रयाने राहिला. एकंदर पंचेचाळीस वर्षे तो बिशप होता. चार सम्राटांनी त्याला पाच वेळा हद्दपार केले आणि सुमारे सतरा वर्षे त्याची परागंदा अवस्थेत गेली. त्याच्या नाईलवरच्या पलायनाची एक गोष्ट सांगतात. पाठलाग होत आहे असे कळताच त्याने नाव उलटी वळवायला लावली आणि पाठलाग करणाऱ्यांच्याच समोर नेली. 'अथनेशियस कोठे आहे?' म्हणून त्यांनी विचारले, तर उत्तर मिळाले की, तो फार लांब नाही! ते जोराने पुढे निघून गेले.

कॉन्स्टॅन्शियसच्या काळात परिषदांवर परिषदा भरल्या. सरकारी घोडे धावपळ करणाऱ्या बिशपांना पुरेनासे झाले आणि टपालव्यवस्थाच खिळखिळी झाली, अशी तक्रार एका बिगर-ख्रिस्ती इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. ३५७ साली सिर्मियम येथे 'एकाच तत्त्वाचा' आणि 'सारख्या तत्त्वाचा' हे दोन्ही शब्दच बंद केले गेले. ३५९ साली इटलीतल्या रिमिनी येथे चारशेच्या वर बिशप जमवले आणि सही केल्याशिवाय घरी जायचे नाही, अशा थाटात हिवाळ्यापर्यंत अडकवून ठेवले. सह्या मिळाल्या. मते मिळाली असे म्हणता येणार नाही.

आता ज्या अक्षरासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. ते 'इओटा'वाले लोक, म्हणजे पुत्र 'सारख्या तत्त्वाचा' म्हणणारे, अरियसचे अनुयायी नव्हते! अरियसच्या मरणानंतर वीसेक वर्षांनी, ३५८ च्या सुमारास, अंकिराचा बिशप बेसिल आणि त्याचे मित्र यांनी आपला गट बांधला तो अरियसच्या मताला कंटाळूनच. पुत्र हा निर्माण केलेला जीव आहे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांचे भय एकच: 'एकाच तत्त्वाचा' म्हटले की पिता आणि पुत्र यांतला भेदच पुसला जाईल. म्हणजे एका अक्षराचे अंतर दोन शत्रूंमधले नव्हतेच. ते दोन शेजाऱ्यांमधले होते. टर उडवणाऱ्यांच्या नजरेतून निसटले ते हे.

आणि ते अंतर कमी करायला पुढे आला कोण, तर हटवादी म्हणून गाजलेला अथनेशियस. रानात लपून असतानाच त्याने लिहिले की, अर्थ आमच्यासारखाच धरणारे पण आमच्या शब्दाला बुजणारे हे लोक आमचे भाऊ आहेत. ३६१ साली कॉन्स्टॅन्शियस वारला. जुन्या देवांचा भक्त जुलियन सम्राट झाला. त्याने सगळ्याच हद्दपार बिशपांना परत येऊ दिले. ते आपापसांत भांडून मरतील, असा त्याचा कयास होता म्हणे. झाले निराळेच. ३६२ साली अथनेशियसने अलेक्झांड्रियात लहानशी सभा घेतली. रिमिनीला चारशे होते. येथे जेमतेम वीस-एकवीस. सैनिक नव्हते, सम्राट नव्हता, खुर्ची नव्हती.

वाद आता आणखी एका शब्दावर आला होता: 'हिपोस्टॅसिस'. काही म्हणत ईश्वरात तीन हिपोस्टॅसिस आहेत, काही म्हणत एकच. सभेने काय केले? दोघांना एकेक प्रश्न विचारला. 'तीन' म्हणणाऱ्यांना विचारले, तुम्हाला तीन वेगळे देव म्हणायचे आहेत काय? ते म्हणाले, छे. देव एकच, पण पिता, पुत्र व आत्मा ही नुसती नावे नाहीत, खरोखर आहेत. 'एक' म्हणणाऱ्यांना विचारले, तुम्ही सबेल्लियसप्रमाणे एकाच नटाची सोंगे मानता काय? ते म्हणाले, मुळीच नाही. आम्ही तो शब्द 'तत्त्व' या अर्थी वापरतो. दोघांनी एकमेकांचे ऐकले आणि दोघांना कळले की, आपण एकच गोष्ट दोन शब्दांत सांगत होतो. या सभेने सारे मिटले असे नाही. अंत्युखियातली फूट पुढेही बरीच वर्षे राहिली. पण चाळीस वर्षांच्या हुकूमनाम्यांना जे साधले नव्हते, त्याचा आरंभ 'तुम्हाला म्हणायचे आहे तरी काय?' या एका साध्या प्रश्नाने झाला.

पुढचे काम कॅपाडोशिया प्रांतातल्या तिघांनी केले: सिझेरियाचा बेसिल, त्याचा धाकटा भाऊ ग्रेगरी, म्हणजे आपल्या पाववाल्याची तक्रार करणारा, आणि बेसिलचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी. 'तत्त्व' आणि 'हिपोस्टॅसिस' हे शब्द त्यांनी नीट वेगळे केले: तत्त्व एक, हिपोस्टॅसिस तीन. त्यातही भाषांतराची गंमत होतीच. या ग्रीक शब्दाचे अक्षरशः लॅटिन भाषांतर 'सबस्टान्शिया'. पण लॅटिनमध्ये त्याचा रूढ अर्थ 'तत्त्व'. त्यामुळे पूर्वेकडचा माणूस 'तीन' म्हणाला की पश्चिमेकडच्याला तीन देव ऐकू येत. आणि पश्चिमेकडचा 'पर्सोना' म्हणाला की पूर्वेकडच्याला नटाचा मुखवटा दिसे. मराठीचीही तीच अडचण. 'व्यक्ती' म्हटले की आपल्यापुढे तीन माणसे उभी राहतात. आणि त्या शब्दाच्या मुळाशी जाऊन 'व्यक्त झालेले' म्हटले, तर सबेल्लियस हसू लागतो! मराठी ख्रिस्ती मंडळींनी 'त्रैक्य' हा शब्द पत्करला. तीन आणि ऐक्य एकाच शब्दात बसवण्याची ही धडपड पाहिली, की त्या ग्रीकांची कीव न येता त्यांच्याविषयी सहानुभूती वाटते.

पण गोष्ट येथे गोड शेवट करून थांबत नाही. ३८० साली सम्राट थिओडोसियसने फर्मान काढले की, साऱ्या प्रजेने त्रैक्याचे हेच मत मानावे. न मानणारे पाखंडी. नाझियान्झसच्या ग्रेगरीला राजधानीच्या देवळात नेऊन बसवले ते सैनिकांच्या पहाऱ्यात. ३८१ साली दीडशे बिशपांच्या परिषदेने निकियाचा मतांगीकार पुरा केला, पवित्र आत्म्याविषयीचा भाग वाढवला. ज्याच्या व्याख्यानांनी हे मत लोकांत रुजवले होते, तो ग्रेगरी मात्र परिषदेतली हमरीतुमरी पाहून विटला आणि पद सोडून गावी निघून गेला. बिशपांच्या सभांतून कधी काही चांगले निघालेले आपण पाहिले नाही, अशा आशयाचे त्याने नंतर लिहिले. आपलाच पक्ष जिंकत असताना उठून जाणारी माणसे इतिहासात फार थोडी.

आणि आता ते ट्रियर गाव. ३८५ च्या सुमारास, म्हणजे अथनेशियस तेथे हद्दपार होऊन आला त्यानंतर पन्नास वर्षांनी, स्पेनचा प्रिसिलियन नावाचा बिशप त्याच गावी सम्राट मॅक्सिमसच्या हुकमाने मारला गेला. कागदावर आरोप जादूटोण्याचा होता; खरे कारण त्याची मते. त्याच्यावर फिर्याद करणारे बिशपच होते. टूर्सचा बिशप मार्टिन याने, या माणसाची मते आपल्याला मान्य नसतानाही, त्याच्या प्राणांसाठी सम्राटापाशी रदबदली केली, पण व्यर्थ. मतासाठी ख्रिस्ती राजवटीत ख्रिस्ती माणसाचा वध होण्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानतात. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गावाने एका परागंद्याला आसरा दिला, त्याच गावी हे घडावे! कालचा छळलेला आज छळणारा व्हायला पन्नास वर्षे पुरतात.

हुकमाने मते मरतात काय? तेही झाले नाही. उल्फिलास नावाच्या धर्मोपदेशकाने डॅन्यूबपलीकडच्या गॉथ लोकांसाठी लिपी तयार करून बायबल त्यांच्या भाषेत नेले होते. तो पुत्राला पित्याहून कमी मानणाऱ्या पक्षाचा. साम्राज्यात बंदी झालेले मत गॉथांच्या बोलीत नांदत राहिले आणि स्पेनमधल्या त्यांच्या राजाने ते सोडले ते ५८९ साली, म्हणजे बंदीनंतर दोनशे वर्षांनी.

या वादाचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. संस्कृत शास्त्रांत मुरलेली ही बाई. दीक्षा घेतली म्हणून विचार करणे थोडीच सोडणार! ईश्वर एक, तर ख्रिस्ताचे ईश्वरत्व कसे समजायचे, त्रैक्य म्हणजे काय, आणि अथनेशियसच्या नावावर चालणारा मतांगीकार न मानणाऱ्यांना नरक का दाखवतो, असे रोखठोक प्रश्न त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांना पत्रांतून विचारले. (तो मतांगीकार मुळी अथनेशियसचा नाहीच; तो पुष्कळ नंतरचा आणि लॅटिनमधला.) सिस्टर जेराल्डिन व्यथित झाल्या, रागावल्याही. बीलबाईंनी मात्र वाद घातला, उत्तरे दिली, ऐकून घेतले. पादऱ्यांनी सांगितले म्हणून मानायचे, हे रमाबाईंनी कबूल केले नाही. पुढे स्वतःच्या वाटेने त्यांची श्रद्धा गाढ झाली. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले आणि १९२२ साली देह ठेवला. त्यांना कोणी ट्रियरला पाठवले नाही. प्रश्न विचारू दिला, म्हणूनच ती बाई त्या घरात टिकली, असे मला वाटते.

२०२५ साली निकियाच्या परिषदेला सतराशे वर्षे पूर्ण झाली. इझनिकच्या तळ्यात, काठापासून जवळच, पाण्याखाली एका जुन्या देवळाचे अवशेष २०१४ साली हवाई छायाचित्रांत दिसून आले आहेत. सम्राटाचा वाडा नाहीसा झाला, हुकूमनाम्यांचे कागद पोथ्यांत उरले. प्रार्थना मात्र आजही चालू आहे आणि ती म्हणणाऱ्यांना तो शब्द कोणत्या सैन्याने राखला याची आठवणही नाही.

घरोघर फराळाची ताटे मांडली जातील, सासर-माहेरची माणसे जमतील आणि चिवड्याबरोबर कसला ना कसला वादही निघेल. तो निघावा, वादावाचून घर कसले? फक्त आवाज चढू लागला की, समोरच्याला एकदा विचारून पाहावे, 'तुला म्हणायचे आहे तरी काय?' कदाचित त्याच्या आणि आपल्या बोलण्यात एका इओटाचेच अंतर निघेल.